लिथियम-आयन बॅटरी पाठवण्यापूर्वी

बॅटऱ्यांची खेप विमानतळावर किंवा बंदरात अडली की पाठवणाऱ्याचा पहिला सवाल ठरलेला असतो : 'यूएन ३८.३ चा रिपोर्ट तर जोडला होता, मग आता काय राहिलं?' सवालामागचा समज असा की प्रयोगशाळेने एकदा पास केले म्हणजे ती बॅटरी सुरक्षित ठरली. पुढचे खोके, लेबले, चार्जिंगची टक्केवारी, घोषणापत्र हा सगळा कागदी जाच. या लेखात मला नेमके याच समजाशी भांडायचे आहे. भोसरी-चाकण भागात इलेक्ट्रिक दुचाकीसाठी पॅक जुळवणारा लघुउद्योजक, ऑनलाइन सुट्या बॅटऱ्या विकणारा दुकानदार, ड्रोन किंवा वैद्यकीय उपकरणे परदेशी पाठवणारी कंपनी, या सगळ्यांना नियम पाठ करण्याआधी एक गोष्ट पक्की कळायला हवी. चाचणी बॅटरीच्या रचनेची होते. आपण पाठवतो त्या नगाची कधीच होत नाही. वाहतुकीचे बहुतेक नियम या दोहोंमधली दरी भरून काढण्यासाठी आहेत, आणि ही दरी ओळखली की नियम आपोआप लक्षात राहतात.

आधी चाचणी काय तपासते ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेतल्या तिसऱ्या भागात ३८.३ क्रमांकाचे कलम आहे आणि त्यात टी-१ ते टी-८ अशा आठ चाचण्या आहेत. त्यांचा क्रम पाहिला की एका खोक्याचा प्रवासच डोळ्यांसमोर येतो. पहिलीत बॅटरी ११.६ किलोपास्कल इतक्या कमी दाबात किमान सहा तास ठेवतात. विमानाच्या मालकक्षातला दाब उतरला तर काय होईल, याची ती परीक्षा. दुसरीत ७२ अंश सेल्सिअस आणि उणे ४० अंश यांच्यामध्ये दहा फेरे होतात, जेणेकरून सील आणि जोड कुठे सुटतात ते दिसावे. तिसरीत ७ ते २०० हर्ट्झ कंपने तिन्ही अक्षांवर प्रत्येकी तीन तास. चौथीत जोराचे धक्के. पाचवीत ५७ अंशांच्या आसपास तापवलेल्या बॅटरीची दोन टोके बाहेरून जोडून शॉर्टसर्किट करतात आणि कवचाचे तापमान १७० अंशांच्या वर जाता कामा नये. या पाचही चाचण्या त्याच नगांवर ओळीने होतात, म्हणजे आधीच्या चाचणीने खिळखिळी झालेली बॅटरीच पुढच्या चाचणीला सामोरी जाते. सहावीत एकेका सेलवर घाव घालतात किंवा १३ किलोन्यूटन बलाने तो दाबतात. सातवीत उत्पादकाने सांगितलेल्या कमाल प्रवाहाच्या दुप्पट प्रवाहाने चोवीस तास जादा चार्जिंग करतात आणि पुढचे सात दिवस पाहत राहतात. आठवीत सेल जबरदस्तीने उलट्या दिशेला रिकामा करतात. परीक्षा सोपी नाही, आणि ती टाळून पाठवलेल्या मालाची बाजू कोणीही घेऊ नये.

पण ही सगळी परीक्षा डझन-दोन डझन नगांची असते आणि त्यांच्या भरवशावर पुढे लाखो नग निघतात. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातले सगळे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. कारखान्यातल्या सेलचे तसे नसते. आज वाइंडिंग यंत्राचे पाते बोथट झाले, उद्या वेल्डिंगच्या टोकाला धातूचे बारीक कुसळ राहिले, परवा इलेक्ट्रोडवर धातूचा एखादा कण बसला, की त्या दिवसाचा माल कागदावर तोच मॉडेल क्रमांक असूनही वेगळा माल झालेला असतो. सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ या फोनचे २०१६ सालचे प्रकरण याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. तो फोन काही चाचण्या चुकवून बाजारात आलेला नव्हता. कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये स्वतःच्या चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले तेव्हा पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात ऋण इलेक्ट्रोड वाकलेला निघाला आणि दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत वेल्डिंगची कुसळे. हे शोधायला सुमारे दोन लाख फोन आणि तीस हजारांहून अधिक बॅटऱ्या तपासाव्या लागल्या. एवढे नग तपासावे तेव्हा सापडणारा दोष दोन डझन नगांत दिसेल, ही आशा कोणी धरायची? त्याआधी २००६ मध्ये सोनीच्या लॅपटॉप बॅटऱ्या परत बोलावल्या गेल्या, तेव्हाही मूळ कारण सेलमध्ये शिरलेले धातूचे कणच होते.

नियम करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. वाहतुकीसाठी बॅटरी पात्र ठरायला चाचणी ही एकच अट नाही. गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या पद्धतशीर योजनेखाली उत्पादन, कवचातला दाब सुरक्षितपणे सोडणारी रचना, बाहेरचे शॉर्टसर्किट टाळण्याची सोय, समांतर जोडलेल्या सेलमध्ये उलटा प्रवाह वाहू नये म्हणून डायोड किंवा फ्यूज, हे सगळे त्याच तरतुदीत चाचणीच्या शेजारी लिहिले आहे. खरेदी करताना आपण यांपैकी फक्त रिपोर्ट मागतो, हा दोष आपला. शिवाय ३८.३ च्या यादीत एक महत्त्वाची परीक्षा नाहीच : पॅकमधला एक सेल पेटला तर शेजारचे पेटतात का, हे ती तपासत नाही. आणि गोदामात किंवा मालकक्षात आग कशी वाढते ते नेमके याच प्रश्नावर ठरते.

सेल आतून तापत गेला की साधारण शंभर अंशांच्या आसपास इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर तुटू लागतो, १३० अंशांच्या सुमारास पॉलिएथिलीनचा विभाजक पडदा वितळतो, आतल्या आत शॉर्टसर्किट होते, आणि मग कॅथोडमधून ऑक्सिजन सुटायला लागतो. यालाच थर्मल रनअवे म्हणतात : उष्णतेने क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते, आणि बाहेरून हवा तोडली तरी ही साखळी तुटत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या तांत्रिक केंद्रात झालेल्या प्रयोगांनी हीच गोष्ट दाखवली. मालकक्षात वापरला जाणारा हॅलॉन वायू उघड्या ज्वाळा विझवतो, पण एका सेलमधून दुसऱ्यात जाणारी उष्णता थांबवत नाही. उलट बाहेर पडलेले ज्वलनशील वायू साचून स्फोट होऊ शकतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनकडे निघालेले यूपीएसचे बोइंग ७४७ मालवाहू विमान उड्डाणानंतर बावीस मिनिटांत आगीत सापडले, कॉकपिट धुराने भरले, आणि दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला. आगीचा उगम लिथियम बॅटऱ्यांच्या मालात असल्याचा निष्कर्ष तपासाने काढला. त्या अहवालातली मला सर्वांत बोचणारी नोंद वेगळी आहे : विमानातल्या किमान तीन खेपा धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडणाऱ्या बॅटऱ्यांच्या होत्या, आणि तसे घोषित केलेले नव्हते. पुढच्याच वर्षी, जुलै २०११ मध्ये, एशियाना एअरलाइन्सचे मालवाहू विमान जेजू बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्यातही लिथियम बॅटऱ्या होत्या.

या अनुभवातून १ एप्रिल २०१६ रोजी दोन नियम एकत्र आले आणि आजही तेच कळीचे आहेत. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला बंदी झाली, आणि मालवाहू विमानातून पाठवायच्या तर त्यांत ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज असता कामा नये, असे ठरले. तीस टक्क्यांमागे साधे भौतिकशास्त्र आहे. साठवलेली ऊर्जा जितकी कमी, तितकी एका सेलची आग पुढच्या सेलपर्यंत पोचण्याची शक्यता कमी. चाचणीने न पाहिलेल्या दोषाचा हा विमाच म्हणायचा : सेल बिघडला तरी तो एकटाच बिघडावा. १ जानेवारी २०२६ पासून ही मर्यादा उपकरणासोबत त्याच खोक्यात ठेवलेल्या, २.७ वॉट-अवरपेक्षा मोठ्या बॅटऱ्यांनाही हवाई वाहतुकीत लागू झाली आहे. ड्रोनच्या खोक्यात जादा बॅटरी पूर्ण चार्ज करून टाकण्याची जी पद्धत अनेक विक्रेत्यांची होती, ती आता नियमबाह्य आहे.

आता ही टक्केवारी पाळायची कशी, याविषयी थोडे सविस्तर, कारण इथे फसणारे पुष्कळ. निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाच्या सेलमध्ये व्होल्टेज आणि चार्ज यांचे नाते बऱ्यापैकी सरळ असते. उत्पादकाच्या आलेखावरून व्होल्टमीटरने अंदाज घेता येतो. लोह-फॉस्फेट सेलमध्ये मात्र साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात व्होल्टेज ३.२ ते ३.३ च्या आसपासच रेंगाळते. तिथे व्होल्टमीटर पाहून 'तीस टक्के आहे' म्हणणे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. असा पॅक आधी ठरलेल्या खालच्या मर्यादेपर्यंत रिकामा करावा, मग क्षमतेच्या तीस टक्क्यांहून थोडे कमी अँपिअर-अवर मोजून भरावेत आणि ती नोंद खेपेच्या कागदांत ठेवावी. दुसरे टोकही धोक्याचेच. शून्यापर्यंत उतरवलेला पॅक महिना-दोन महिने समुद्रात किंवा गोदामात पडला, त्याचे बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख करणारे सर्किट, स्वतःपुरती वीज खात राहिले, तर सेल अतिखोल डिस्चार्जमध्ये जातात, आत तांबे विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना शॉर्टसर्किटचा पाया तयार झालेला असतो. वीस ते तीसच्या मध्ये ठेवणे सगळ्यात बरे.

खेप कोणत्या गटात पडते हे ठरवायला दोन गोष्टी पुरतात : वॉट-अवर आणि बॅटरी कशासोबत जात आहे. वॉट-अवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ४८ व्होल्ट, ३० अँपिअर-अवरचा स्कूटर पॅक १,४४० वॉट-अवरचा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरचा ई-सायकलचा पॅक ३६० चा. नियमांच्या दृष्टीने सेलसाठी २० आणि बॅटरीसाठी १०० वॉट-अवर ही सीमारेषा आहे. तिच्या आतल्या मालाला काही सवलती मिळतात, बाहेरच्याला पूर्ण धोकादायक मालाची वागणूक. सुटी बॅटरी यूएन ३४८० या क्रमांकाखाली जाते, उपकरणासोबत किंवा उपकरणात बसवलेली यूएन ३४८१ खाली. लिथियम-आयन बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांसाठी आता यूएन ३५५६ हा स्वतंत्र क्रमांक आहे. विमानाने पाठवताना यानुसार आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ९६५, ९६६, ९६७ या पॅकिंग सूचना लागू होतात, आणि ३५ किलोपेक्षा जड बॅटरी असेल तर संबंधित देशांच्या अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. सुट्या बॅटऱ्यांना हवाई वाहतुकीत पूर्वी मिळणारी छोट्या खेपेची ढिलाई २०२२ मध्ये रद्द झाली. म्हणून 'लहानच तर आहे' हे कारण सुट्या बॅटरीच्या बाबतीत आता चालत नाही. याउलट एका फोनच्या खोक्यावर बॅटरीचे चिन्ह का नसते, असा प्रश्न पडतो त्याचे उत्तर असे की उपकरणात बसवलेल्या दोनपर्यंत छोट्या बॅटऱ्या किंवा चारपर्यंत सेल असलेल्या खोक्याला, खेपेत असे दोनच खोके असतील तर, चिन्हातून सूट आहे.

पॅकिंगचे तत्त्व एका वाक्यात सांगता येईल : विद्युत टोके कशालाही टेकू नयेत आणि नग हलू नये. प्रत्येक बॅटरी स्वतंत्र, वीज न वाहणाऱ्या आतल्या आवरणात असावी. टोकांवर टोप्या किंवा चिकटपट्टी लावावी. खिळे, चाव्या, चार्जरच्या उघड्या पिना असले धातूचे काही त्याच खोक्यात सुटे नसावे. उपकरण चुकून चालू होणार नाही अशी सोय हवी. बहुतेक छोट्या खेपांत भरलेला खोका १.२ मीटर उंचीवरून कोणत्याही बाजूने पडला तरी आतला माल सरकता, फुटता, बाहेर पडता कामा नये. हा निकष लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ३८.३ मध्ये उघड्या बॅटरीला पाडून पाहण्याची चाचणीच नाही. पडण्यापासूनचे संरक्षण तिथे पूर्णपणे खोक्यावर, म्हणजे आपल्यावर सोडलेले आहे. जुन्या किराणा खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पाठवणाऱ्याने हे विसरू नये. बाहेर लाल तिरप्या रेषांच्या चौकटीतले बॅटरीचे चिन्ह आणि त्यात यूएन क्रमांक, जिथे पूर्ण नियम लागू तिथे नवव्या वर्गाचे बॅटरी-लेबल, आणि सुट्या बॅटऱ्यांवर 'फक्त मालवाहू विमान' हे लेबल. घोषणापत्र भरणाऱ्या माणसाचे धोकादायक मालाचे प्रशिक्षण झालेले असावे लागते आणि ते दर चोवीस महिन्यांनी नव्याने करावे लागते. लहान कंपनीत हे काम कारकुनाच्या गळ्यात घालण्याऐवजी प्रशिक्षित फ्रेट फॉरवर्डरकडे द्यावे. मात्र खोक्यात काय आहे हे त्याला खरे सांगण्याची जबाबदारी तरीही पाठवणाऱ्याचीच राहते.

पॅक जुळवणाऱ्यांचा एक हक्काचा गैरसमज इथे मोडायला हवा. सेल नामांकित कारखान्याचे आहेत, त्यांचा ३८.३ रिपोर्ट आहे, म्हणून आपला पॅकही पास, असे होत नाही. अनेक सेल जोडून, त्यांना निकेलच्या पट्ट्या, बीएमएस आणि कवच देऊन जे तयार होते, ती नियमांच्या भाषेत नवी बॅटरी आहे आणि तिची स्वतःची चाचणी व्हावी लागते. खूप मोठे, ६,२०० वॉट-अवरपेक्षा अधिक ऊर्जेचे आणि देखरेख-यंत्रणा असलेले जोड आधीच पास झालेल्या बॅटऱ्यांपासून बनले असतील तर त्यांना वेगळी वाट आहे. स्कूटरच्या पॅकला ती नाही. एकदा पास झालेल्या पॅकची ऊर्जा २० टक्क्यांहून जास्त बदलली किंवा व्होल्टेज २० टक्क्यांहून जास्त वाढले, तर तो पुन्हा नवा प्रकार ठरतो. ग्राहकाने मागितले म्हणून ४८ व्होल्टचा पॅक ६० व्होल्टचा करून जुन्याच रिपोर्टवर पाठवणारे हा नियम मोडतात, आणि बऱ्याचदा त्यांना ते माहीतही नसते.

कागद मागवताना 'टेस्ट समरी' मागा. १ जानेवारी २०२० पासून उत्पादक आणि वितरकांनी ती उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. हाती आली की चार गोष्टी ताडून पाहाव्यात. मॉडेल क्रमांक आणि वॉट-अवर आपल्या हातातल्या नगावर छापलेल्याशी तंतोतंत जुळतात का. प्रयोगशाळेचे नाव, पत्ता आणि रिपोर्टचा स्वतंत्र क्रमांक आहे का. टी-१ ते टी-८ पैकी कोणत्या चाचण्या झाल्या आणि त्यांचे निकाल एकेक करून दिलेत का. चाचणी-पुस्तिकेची कोणती आवृत्ती वापरली ते लिहिले आहे का. शंका आली तर रिपोर्टचा क्रमांक घेऊन थेट प्रयोगशाळेला विचारावे. पुरवठादाराला राग आला तर येऊ द्यावा.

भारतातल्या प्रमाणपत्रांची गल्लतही नेहमीची आहे. भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी आयएस १६०४६ या मानकावर चालते आणि तिचा भर वापरातल्या सुरक्षिततेवर आहे. त्यात सेल १३० अंशांपर्यंत तापवून पाहतात, एक मीटरवरून पाडतात. इलेक्ट्रिक दुचाकींसाठी एआयएस-१५६ हे मानक आहे. २०२२ मध्ये दुचाकींना लागलेल्या आगींनंतर त्यात सप्टेंबर महिन्यात केलेली दुरुस्ती १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. एका सेलची आग पुढे पसरते का, ही ३८.३ मधली उणी परीक्षा इथे आहे. पुण्यातली एआरएआय ही या मानकांमागची आणि चाचण्यांमागची प्रमुख संस्था. ही दोन्ही प्रमाणपत्रे मोलाची आहेत, पण त्यांपैकी एकही वाहतुकीचा परवाना नाही, आणि ३८.३ म्हणजे भारतात विकण्याचा परवाना नाही. निर्यातदाराला तिन्हींची गरज पडू शकते. एकाच्या जागी दुसरे दाखवणे हे अडलेल्या खेपांमागचे एक नेहमीचे कारण.

'हे सगळं विमानाचं झालं, आम्ही ट्रकने पाठवतो,' असे म्हणणारे भेटतात. त्यांनी एप्रिल २०२२ आठवावा. नाशिकहून निघालेल्या एका कंटेनरमध्ये ४० इलेक्ट्रिक स्कूटर होत्या. त्यांपैकी २० आगीच्या तडाख्यात आल्या. गाड्या नव्या होत्या आणि कोणी चालवत नव्हते. रस्त्यावर तपासणी ढिली असते हे खरे, पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालाबाबत पाठवणारा, वाहनमालक आणि चालक अशा तिघांवर वेगवेगळी जबाबदारी टाकलेली आहे, आणि मालाची खरी माहिती वाहतूकदाराला देणे हे पाठवणाऱ्याच्या वाट्याला आले आहे. चालकाला मागे काय भरले आहे हे माहीत नसेल तर तो धूर दिसल्यावर दार उघडायला जाईल. नियम बाजूला ठेवला तरी एवढे कारण पुरे आहे.

दुसरा आक्षेप लोह-फॉस्फेटवाल्यांचा : आमचे रसायन सुरक्षित, मग आम्हाला हीच शिस्त का? या म्हणण्यात तथ्य आहे. लोह-फॉस्फेटचा कॅथोड ऑक्सिजन सहज सोडत नाही, रनअवे सुरू व्हायला जास्त तापमान लागते आणि आग सावकाश वाढते. पण आतला इलेक्ट्रोलाइट तितकाच ज्वलनशील असतो, आणि त्यातून सुटणाऱ्या वायूंत हायड्रोजनही असतो. बंद कंटेनरमध्ये साचलेला हा वायू ज्वाळेपेक्षा कमी घातक नाही. नियमांत दोघांचा यूएन क्रमांक एकच आहे आणि तो तसा असणे मला योग्य वाटते, कारण विमानतळावरच्या कर्मचाऱ्याने खोक्यातले रसायन ओळखत बसावे ही अपेक्षाच अवाजवी आहे. सोडियम-आयनला मात्र आता वेगळे क्रमांक मिळाले आहेत.

खर्चाचा आक्षेप मी सहज झटकणार नाही. पाच-पन्नास पॅक बनवणाऱ्या छोट्या उद्योगाला प्रत्येक बदलासाठी पूर्ण चाचणी परवडत नाही, आणि ही अडचण खरी आहे. शंभरापेक्षा जास्त नग नसलेल्या उत्पादनासाठी आणि चाचणीला पाठवायच्या प्रोटोटाइपसाठी नियमांत सवलत आहे, पण हवाई मार्गाने त्यासाठी अधिकाऱ्यांची मंजुरी आणि कडक पॅकिंग लागते. मग उपाय काय? मॉडेल कमी ठेवा. ग्राहकागणिक नवा पॅक काढण्याऐवजी दोन-तीन रचना ठरवाव्यात, त्यांची नीट चाचणी करून घ्यावी आणि वीस टक्क्यांच्या मर्यादेत राहून विकाव्यात. कमी मॉडेलांमुळे सुटे भाग, दुरुस्ती आणि कागदपत्रे सगळेच सोपे होते, म्हणून चाचणीचा खर्च त्या हिशेबात धरून पाहावा. 'लाखांत एखादीच पेटते' असे म्हणणाऱ्यांना इतकेच सांगायचे, की एका पॅलेटवर हजारो सेल असतात आणि ते एकमेकांना चिकटून असतात. एक पेटणे दुर्मीळ असेल. एक पेटल्यावर एकच पेटणे, हे मात्र पॅकिंग आणि चार्ज यांवर ठरते.

प्रवाशांसाठीही तर्क तोच, म्हणून थोडक्यात. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्यात, चेक-इन बॅगेत कधीही नाही, कारण केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात, पोटातल्या मालकक्षात कोणी पोचत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती आणि जास्तीत जास्त दोन नग, त्यापुढे बंदी. पॉवर बँकेवर फक्त एमएएच लिहिलेले असेल तर ३.७ ने गुणून हजाराने भागावे : २०,००० एमएएच म्हणजे ७४, ३०,००० म्हणजे १११ वॉट-अवर. जानेवारी २०२५ मध्ये बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान आगीत जळाल्यानंतर दक्षिण कोरियाने १ मार्चपासून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात तिचा वापरच बंद केला. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

राहिला सर्वांत अवघड प्रकार, फुगलेली, पडलेली, भिजलेली किंवा कंपनीने परत बोलावलेली बॅटरी. नोट ७ च्या वेळी अमेरिकेने ऑक्टोबर २०१६ मध्ये तो फोन विमानात न्यायलाही बंदी घातली, आणि परत पाठवण्यासाठी सॅमसंगला आगरोधक अस्तर लावलेली खास खोकी ग्राहकांना पुरवावी लागली. तीही जमिनीवरूनच गेली. सदोष बॅटरी हवाई मार्गाने पाठवायला पूर्ण मनाई आहे, आणि टाकाऊ बॅटऱ्यांनाही अधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तो मार्ग बंद आहे. कारण उघड आहे : चाचणी पास झाली ती या अवस्थेतल्या बॅटरीची नव्हती. दुरुस्तीच्या दुकानात मात्र फुगलेली बॅटरी 'वॉरंटी क्लेम' म्हणून साध्या कुरिअरने पाठवण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती तातडीने थांबली पाहिजे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा आधी त्यांना लेखी कळवून नेण्याची व्यवस्था मागावी. तोवर ती बॅटरी चार्ज करू नये, तिला टोचू-दाबू नये, टोके चिकटपट्टीने झाकावीत, आणि धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत घालून घराबाहेर किंवा दुकानाबाहेर, सावलीत, इतर बॅटऱ्यांपासून लांब ठेवावी. डब्याचे झाकण हवाबंद करू नये. वायूला वाट हवी.